साहेबांच्या विनोदावर कोण हसतंय?

या वेळची पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: कामाच्या जागी हसतंखेळतं वातावरण कसं आणायचं? कारखाना, बँक, रुग्णालय, आयटी, परदेशातलं ऑफिस, सगळीकडून विचारणा आहे. बहुतेकांनी ‘कोणते विनोद करावेत’ असं विचारलं आहे. आमची उत्तरं मात्र बऱ्याच ठिकाणी विनोदाच्या आधीच्या दोन गोष्टींकडे वळली आहेत. माणसाला साहेबाची भीती वाटते का, आणि साहेबाला तो माणूस ठाऊक आहे का?

प्रश्न : प्रेस शॉपमध्ये माझ्या पाळीत २२ जण आहेत. ९ कायम, बाकी कंत्राटी. काही मराठवाड्यातले, काही बिहार-ओडिशाचे. ऑफिसने दर शुक्रवारी १५ मिनिटं ‘फन अ‍ॅक्टिव्हिटी’ घ्यायला सांगितलं आहे. संगीतखुर्ची, फुगे फोडणं, सगळं करून पाहिलं. माणसं हात मागे बांधून उभी राहतात. काय चुकतंय? — शिफ्ट सुपरवायझर, चाकण

उत्तर : आठ तास कानात प्लग घालून पत्रा दाबणाऱ्या माणसाला फुगे फोडायला लावलं, तर ते त्याला नववं काम वाटतं. त्यातून पाळी सुटताना घेत असाल, तर त्याचं अर्धं लक्ष बस चुकेल का याकडे असतं. माणसं तुमच्यावर रुसलेली नाहीत. हसण्याची वेळ दुसऱ्याने ठरवली आहे, एवढंच.

डोनाल्ड रॉय नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात स्वतः कामगार म्हणून काम करून जे पाहिलं, ते १९५९ साली छापलं. चार जणांचा गट, दिवसाला बारा तास, तेच यंत्र, तीच हालचाल. कंटाळ्याने वेड लागावं असं काम. ती माणसं टिकत होती ती दिवसभरात त्यांनीच पाडलेल्या बारीक बारीक सुट्ट्यांवर. एक जण डब्यात केळं आणायचा, दुसरा रोज ते पळवून ओरडायचा ‘केळ्याची वेळ!’ आणि खाऊन टाकायचा. पहिला रोज चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं आणायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं, कोणत्या परिपत्रकात नव्हतं. त्याच अभ्यासातला दुसरा भाग लोक विसरतात. एका कामगाराची मुलगी प्राध्यापकाच्या मुलाला दिली होती आणि त्याला त्या सोयरिकीचा फार अभिमान होता. त्या प्राध्यापक व्याह्यावरून एकदा थट्टा झाली आणि गटाचं बोलणंच काही दिवस बंद पडलं. सुट्ट्या गेल्या, केळं गेलं, आणि उरलं ते मुकाट काम. घरच्या माणसाचा अभिमान ही थट्टेची जागा नव्हे, हे तिथे कोणाला वेळेवर सुचलं नाही.

तेव्हा शुक्रवारची १५ मिनिटं वरच्यांकडून मागून घ्या आणि रोजच्या सुरुवातीच्या बैठकीत वाटून टाका. त्यासकट सगळ्या बैठकीला रोज आठ मिनिटं पुरतात. अर्धगोल करून उभं राहा. कायम एकीकडे आणि कंत्राटी मागे, असं होऊ देऊ नका. पहिली तीन मिनिटं मागच्या पाळीत काय बिघडलं याची: कोणता डाय (साचा), किती रिजेक्शन (बाद माल), कशामुळे. पुढची दोन सुरक्षेची, पण ती तुम्ही बोलायची नाहीत. रोज एका कामगाराने एक मुद्दा सांगायचा, ज्या भाषेत त्याला जमेल त्या भाषेत. आठवड्याला सहा दिवस धरले तर चार आठवड्यांच्या आत बावीसही जणांची पाळी येते. पहिल्या फेरीत दोन वाक्यांत आटपतील. दुसऱ्या फेरीत कोणीतरी नक्कल करेल, कोणीतरी तुमचीच करेल. तेव्हा हसा आणि पुढे चला, त्यावर शेरा मारू नका. उरलेली तीन मिनिटं मोकळी ठेवा. ‘लातूरला पाऊस झाला का?’, ‘छठला कोण कोण जाणार, तिकिटं काढली का?’ एवढं पुरतं. कोणी बोललं नाही तर गप्प राहण्याचीही मुभा असू द्या.

नावं हा सगळ्याचा पाया आहे. कंत्राटी माणसाला टोकन नंबरने किंवा राज्याच्या नावाने हाक मारली जात असेल, तर बाकी काहीही करून उपयोग नाही. खिशातल्या डायरीत बावीस पानं करा: नाव, गाव, घरी कोण, कामाला कसा येतो. आठवड्याभरात सगळी नावं तोंडात बसली पाहिजेत. इथे एक चूक हमखास होते. माणूस विचारतो आणि विसरतो. ‘आईचं ऑपरेशन झालं का?’ असं दोनदा पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारलं, तर न विचारलेलं बरं होतं असं समोरच्याला वाटतं. म्हणून डायरी.

चहाच्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर उभे राहा, रांगेत, आपला कप आपण घेऊन. उत्पादनाचा विषय काढू नका. उरलेले चार दिवस तिकडे फिरकूही नका. साहेबाशिवायचा चहा हीसुद्धा माणसाची गरज आहे. आणि खंडेनवमीला यंत्रपूजेचा नारळ दरवर्षी कोण फोडतं ते आठवून पाहा. या वर्षी तो कंत्राटी माणसाच्या हातून फुटू द्या.

एका बाबतीत मात्र कडक राहा. चालू यंत्राजवळ थट्टा नाही. हातमोजे लपवणं, मागून ढकलणं, खोटी आरोळी देणं, काही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरची (दाबाच्या हवेची) नळी गंमत म्हणून अंगावर धरणं. हवा जखमेतून रक्तात शिरू शकते, शरीरात शिरून आतडं फाडू शकते. अशा ‘गमतीत’ आपल्याकडे कामगारांचे जीव गेले आहेत. पहिल्या महिन्यातच हे बावीस जणांना कारणासकट सांगा, नुसतं ‘मनाई’ म्हणून नव्हे.

प्रश्न : तालुक्याच्या शाखेत बदली होऊन पाच महिने झाले. सकाळच्या बैठकीत मी वातावरण हलकं ठेवतो, सगळे भरपूर हसतात. तरी एका मोठ्या खातेदाराचे हप्ते थकल्याचं मला वरच्या ऑफिसकडून कळलं. शाखेत तिघांना ते आधीपासून माहीत होतं. इतकं मोकळं वातावरण असून हे कसं? — शाखाधिकारी, नाशिक जिल्हा

उत्तर : हसणं ऐकू येतंय, पण मोकळेपणा अजून आलेला नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञाने दुकानांत, रस्त्यांवर, कॉलेजांत लोक हसतात तेव्हा नेमकं आधी काय बोललं गेलं, हे १२०० प्रसंगांत टिपून घेतलं. त्यातल्या वीस टक्क्यांहून कमी वेळा आधीचं वाक्य विनोदासारखं होतं. बाकी वेळा ‘बरं, भेटू मग’ असल्या साध्या वाक्यांवर लोक हसत होते. हसून माणूस समोरच्याला ‘मी तुमच्या बाजूचा’ एवढंच सांगत असतो. ज्याच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे, त्याला तर हे सांगायलाच हवं! १९६० साली रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातल्या बैठकांचा अभ्यास छापला. त्यात वरिष्ठ डॉक्टर जास्त विनोद करत होते, कनिष्ठ कमी. आणि समोर बसलेल्या वरिष्ठावर कोणीच विनोद करत नव्हतं.

म्हणून हसण्याचा आवाज मोजू नका. दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. प्रत्येक वाईट बातमीसाठी तीन रकाने: घडलं कधी, तुम्हाला कळलं कधी, कोणाकडून. रोख कमी भरली, चेक चुकीच्या खात्यात गेला, खातेदार भांडून गेला, काहीही. मधलं अंतर चार तासांवरून चार दिवसांवर जात असेल, तर शाखेत भीती आहे, बैठक कितीही रंगो. दुसरी खूण म्हणजे तुमच्या देखत इतर लोक आपसात विनोद करतात का, की तुम्ही आलात की गप्प होतात? तिसरी, ‘सर, हे मार्चअखेर जमणार नाही’ असं तोंडावर शेवटचं कोण आणि कधी बोललं?

सुधारणा सुरू होते ती वाईट बातमीवरच्या तुमच्या पहिल्या वाक्यापासून. ‘हे आत्ता सांगताय?’ हे वाक्य बरोबर असलं तरी गिळा. ‘बरं झालं सांगितलंत, आता काय करू या?’ असं म्हणा. उशीर का झाला याची चौकशी दुसऱ्या दिवशी, एकट्याला बसवून. बैठकीत तुम्ही शेवटी बोला. काउंटरवरच्या सगळ्यात नव्या क्लार्कपासून सुरुवात करा.

विनोद करायचाच असेल तर आपल्या एखाद्या खऱ्या, पण किरकोळ चुकीवर करा. ‘काल मी आपल्याच शाखेचा पत्ता शोधत अर्धा तास फिरलो, त्यामुळे खातेदारांना दोष देणार नाही’ हे चालतं. ‘मला कर्जातलं काही कळत नाही’ हे चालत नाही. ज्या कामासाठी लोक तुमच्यावर विसंबून आहेत, त्यावरच हसलात तर त्यांचा आधार जातो. आणखी एक पाहा. शाखेत ठरलेला एक बकरा आहे का? हळू नोटा मोजणारा कॅशियर, जाड चष्म्याचे काका? असा माणूस सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसतो, म्हणून फसायला होतं. तो डबा कोणाबरोबर खातो ते पाहा. एकटा खात असेल, तर ती थट्टा तुम्ही थांबवायची.

प्रश्न : आमच्या टीममधला एक सिनियर एका सहकारी मुलीसमोर सतत बायकांवरून, कपड्यांवरून, लग्नावरून ‘जोक’ मारतो. नांदेडहून आलेल्या एका मुलाच्या बोलण्याची नक्कल करतो, आडनावावरून टोमणे मारतो. बोललं की ‘अरे, गंमत होती, इतकं काय मनावर घेता’. मी टीम लीड आहे. मी खडूस ठरेन अशी भीती वाटते. — हिंजवडी, पुणे

उत्तर : खडूस ठरण्याची किंमत परवडते. गप्प राहिल्याची किंमत ती मुलगी आणि तो मुलगा भरतायत.

पहिली गोष्ट त्याच क्षणी करायची, आणि लहान. आवाज न चढवता, हसू न आणता, ‘हे इथे नको’ एवढं म्हणा आणि कामाच्या मुद्द्यावर जा. दुसरी युक्तीही लागू पडते. सरळ चेहऱ्याने विचारा, ‘मला कळलं नाही, यात गंमत काय आहे, जरा समजावून सांगता?’ नक्कल किंवा टोमणा समजावून सांगताना माणूस अडतोच. चूक होते ती इथे: टीम लीड कसंनुसं हसून विषय बदलते. खोलीतल्या बाकीच्यांच्या डोळ्यांत ते हसणं म्हणजे मंजुरी असते.

त्याच दिवशी त्याला एकट्याला बसवा. दहा मिनिटं पुरे. स्वभावावर बोलू नका, वाक्यांवर बोला: ‘मंगळवारी सकाळच्या स्टँडअप बैठकीत तुम्ही अमुक म्हणालात. ते पुन्हा होऊ नये.’ ‘तुमचा हेतू वाईट नसेल’ असं स्वतःहून देऊन टाकू नका; हेतूची चर्चा सुरू झाली की वाक्य बाजूला राहतं. संध्याकाळी तारीख, शब्द आणि कोण हजर होतं हे लिहून ठेवा.

पुढचं तुमच्या मर्जीवर नाही, कायद्यात आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नको असलेली लैंगिक अर्थाची बोलणी स्पष्टपणे छळात धरतो, ‘गंमत’ असा अपवाद त्यात नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार करायची की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, पण समितीत कोण आहे, अर्ज कसा द्यायचा, हे तिला आजच सांगा. आडनावावरच्या टोमण्यांमागे जात असेल, आणि तो मुलगा अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर चारचौघांत जातीवरून केलेला अपमान हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. हे ‘सिनियर’ला माहीत नसेल तर माहीत करून द्या.

नांदेडच्या मुलासाठी अजून एक. त्याच्या बोलीवर कोणी बोलायचंच नाही, असा गंभीर नियम केलात तर तो आणखी अवघडतो. पुढच्या क्लायंट डेमोला त्याला बोलायला द्या. त्याची बोली ही त्या खोलीत कामाची बोली झाली, की नक्कल करण्यात मजा उरत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी गमतीने लिहिलं, ‘आज सगळे अगदी वेळेवर आलेत!’ दोघांनी खुलासे पाठवले, एकाने ग्रुप सोडला. — कोल्हापूर

उत्तर : लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात ईमेलमधला उपरोध समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काट्याहून थोडाच बरा. उपरोध फक्त समोरासमोर, तोही बरोबरीच्या माणसाशी. हाताखालच्यांच्या ग्रुपवर कधीच नाही. हसरा चेहरा जोडून ते सुधारत नाही. ग्रुप सोडणाऱ्याला संदेश पाठवू नका, फोन करा.

प्रश्न : पुण्याहून येऊन स्टुटगार्टमध्ये आठ जणांची टीम सांभाळतो. इथे माझे विनोद पडतात. कौतुक म्हणून ‘बरं दिसतंय, म्हणजे जमलं म्हणायचं’ असं म्हणालो, तर समोरचा विचारतो, ‘नेमकं काय कमी पडलं?’

उत्तर : पुण्यात हे वाक्य शाबासकी असतं. जर्मन माणूस कामाविषयीचं बोलणं शब्दशः घेतो, आणि ते त्याच्या दृष्टीने तुमच्याविषयीचा आदर आहे. कौतुक सरळ करा: काय आवडलं, का आवडलं. विनोद कामाच्या मूल्यमापनापासून लांब, जेवणाच्या टेबलावर ठेवा. आणि तिथली रीत पकडा. ज्याचा वाढदिवस, तोच केक आणतो. तुमच्या वाढदिवसाला घरी केलेले बेसनाचे लाडू न्या, त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी शेजारी लावा, कारण अ‍ॅलर्जी आणि वीगन असणं (दूध-तूपही न खाणं) तिथे लोक गंभीरपणे घेतात. मात्र दुसऱ्याला वाढदिवसाआधी शुभेच्छा देऊ नका. ते तिथे अशुभ मानतात.

प्रश्न : मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. रात्रपाळीत पेशंट गेल्यावर मुली कधीकधी असं काही बोलतात आणि हसतात की बाहेरच्याला धक्का बसेल. थांबवू का? — सोलापूर

उत्तर : हसणं थांबवू नका, जागा बदला. मृत्यूच्या शेजारी बारा तास उभं राहणाऱ्यांना त्या हसण्याने श्वास मिळतो. पण सीमा आखून द्या. कॉरिडॉर, लिफ्ट आणि पडद्यामागची जागा, तिथे नाही. नातेवाईक कुठेही असू शकतात. बोलणं परिस्थितीवर, मशीनवर, संपलेल्या ग्लोव्हजवर, स्वतःच्या थकव्यावर चालेल. पेशंटच्या देहावर, गरिबीवर, नातेवाइकांच्या रडण्यावर नाही. आणि एखादी मुलगी बाकीच्यांबरोबर हसत नसेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. कदाचित तो तिने पाहिलेला पहिला मृत्यू असेल.

शक्य असेल तेव्हा पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी (काम सोपवण्याआधी) पाच मिनिटं काढा, मावशी आणि मामांनाही बसवा. तीन प्रश्न: काय झालं, काय नीट झालं, कुठे अडलं. दोष कोणाचा, हा प्रश्न नाही. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी सापडेल, असं त्यांना वाटत होतं. उलट तिथे जास्त नोंदी सापडल्या, कारण तिथल्या सिस्टर चूक सांगायला घाबरत नव्हत्या. तुमच्या वॉर्डात चुकीच्या डोसची नोंद महिन्यात एकही नसेल, तर आनंद मानू नका, मुलींशी बोला.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात टीममधल्या चौघांना कमी करायचं आहे. ताण नको म्हणून बैठकीची सुरुवात हलक्याफुलक्या गप्पांनी करावी का? — ठाणे

उत्तर : नको. समोरच्याला तारीख पाहूनच कळलेलं असतं. गप्पांच्या दोन मिनिटांत तो फक्त वाट पाहतो, आणि नंतर त्याला तुमचं हसणंच आठवतं. चौघांना वेगवेगळं भेटा. पहिल्या तीन वाक्यांत निर्णय, शेवटचा दिवस आणि हिशेब कधी मिळणार ते सांगा. मग गप्प बसा, ते बोलतील तितकं ऐका. त्यांचं झाल्यावर त्याच दिवशी उरलेल्या टीमला सांगा. ‘आणखी कोणी जाणार का?’ हा प्रश्न येईल. उत्तर ठाऊक असेल तेवढंच द्या, खोटा धीर देऊ नका. त्या आठवड्यात बाहेरच्या भेटी घेऊ नका, स्वतःच्या टेबलावर राहा. निरोपाचा चहा ठेवायचा का, हे त्या चौघांना विचारा. कोणी नको म्हणालं तर नको.